गुरुवारचा फोन

शारजा,
१८ जून २००४

प्रिय वासू,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता मुद्दाम टाइप केला आहे. तीन वर्षांनी लिहितोय. या तीन वर्षांत मनातल्या मनात तुझ्याशी इतकं बोललोय की आता कागदावर कुठून सुरुवात करावी ते सुचत नाही. विषय मात्र एकच आहे आणि तो तू ओळखला असशीलच: मीटर वाचायची ती सहाशे यंत्रं, आणि त्यांच्यापायी तुझ्यावर आलेला ठपका.

सांगलीच्या पॉलिटेक्निकात आपण एकाच सोल्डरिंग गनवर शिकलो. मी टाका मारायचो आणि तू तो निमूटपणे काढून पुन्हा मारायचास. पुढे मी इकडे आलो, शारजाच्या रोल्ला भागात साडीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत कंपनी थाटली. कंपनी म्हणजे मी, एक फॅक्स आणि भिंतीवर टांगलेलं लायसन्स. तू साताऱ्याच्या एमआयडीसीत अठरा बायकांना हाताशी धरून युनिट काढलंस. पाणीखात्याचं कंत्राट लागलं तेव्हा पहिला फोन तुलाच केला होता आणि बोलता बोलता रडलो होतो. यंत्रावर नाव माझं, हात तुमचे. खात्यातल्या लोकांना वाटायचं, माझा कुठेतरी मोठा कारखाना आहे. मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. तुमच्या मुक्ताबाई तपासलेल्या प्रत्येक बोर्डावर लाल नेलपॉलिशची टिकली लावायच्या. साहेबांनी विचारलं तेव्हा मी छाती काढून सांगितलं की ती आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटची खूण आहे. हे तुला सांगितलं तेव्हा तू किती हसला होतास.

सरकारी कामाची तऱ्हा तुला ठाऊक आहे. मंजूर झालेला नमुना त्यांनी लाखेनं सील करून कपाटात ठेवला होता. त्यातला एक स्क्रू बदलायचा तरी आधी लेखी परवानगी हवी. उशीर झाला तर आठवड्याला दंड, आणि नियम मोडला तर काळ्या यादीत नाव. मग दुसऱ्या कुठल्या खात्यानंही आपल्याला दारात उभं करायचं नाही. आणि नेमका फेब्रुवारीत तुझ्या पुरवठादारानं तो उष्णता सोसणारा स्क्रीन बनवणंच बंद केलं. दुसरा बसवून यंत्रं एप्रिलमध्ये वेळेवर पोचली. मी दुबईला, बर दुबई भागातल्या देवळात जाऊन पेढे ठेवून आलो.

जूनमध्ये खात्याचा मीटर वाचणारा शौकत, आपल्या खेडचा, एक यंत्र ओल्या टॉवेलात गुंडाळून ऑफिसात घेऊन आला. उन्हातल्या गाडीत दहा मिनिटं राहिलं की स्क्रीन काळाठिक्कर पडायचा. थंड पाण्याच्या बाटलीला टेकवून धरलं की आकडे परत दिसायचे. आठवडाभर त्या बिचाऱ्यानं तसंच काम रेटलं होतं. आपल्या माणसांनी केलेलं यंत्र म्हणून त्यानं वर तक्रार केली नव्हती.

पण सहाशे यंत्रं कितीशी लपणार? ऑगस्टमध्ये नोटीस आली: मंजूर स्क्रीन कुणी बदलला? आमची सरकारी कागदपत्रं करणारा मुनीर म्हणाला, ‘फॅक्टरी का नाम डालो साहब, खलास.’ त्याला दोष देत नाही, सही माझी आहे. उत्पादकानं आमच्या नकळत हलका माल वापरला, असं मी लेटरहेडवर लिहून दिलं. खात्यानं ते मानलं, नवी यंत्रं द्यायला तीन महिने दिले आणि मी वाचलो. दुसरा कारखाना शोधायला पुण्यात आलो तेव्हा तिथेही तेच सांगत फिरलो. ते तुझ्या गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं आणि दिवाळीपर्यंत तुझ्या युनिटला कुलूप लागलं. मधे तू एकदाच फोन केलास. म्हणालास, मुरली, मी तुला विचारलं होतं. माझ्यासमोर खात्याची माणसं बसली होती. मला असं काही आठवत नाही, असं मी म्हणालो. तू फोन ठेवलास.

कंत्राट मार्चमध्ये संपलं. या वेळी दुसऱ्या कोणी कमी दर भरला आणि खात्यानं मला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. म्हणजे आता खरं बोलून माझं काहीच जायचं नाही. यात शौर्य नाही, हे मीच आधी सांगतो. परवा खात्यात जाऊन खरा प्रकार लेखी दिला. कारकुनानं पोच दिली आणि ती फाइल कधीच बंद झाल्याचं सांगितलं.

गेल्या रविवारी समिधाचा फोन आला. तुझी पोर आता मोठी झाली, तोलून बोलते. तिनं सांगितलं की तू हल्ली दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहेस, आलेला-केलेला प्रत्येक फोन वहीत लिहून ठेवतोस, आणि महत्त्वाचं बोलायचं असलं की तिला शेजारी बसवतोस. मग ती म्हणाली, परवा जेवताना बाबा म्हणाले, मी मुरलीला विचारलंच नसेल, तो खोटं बोलायचा नाही, माझ्याच डोक्यात काहीतरी गडबड आहे. काका, खरं काय ते सांगा. वासू, मला तिच्याशी बोलता आलं नाही, म्हणून तुला लिहितोय. माफी मागायची माझी लायकी नाही. फक्त एवढं ऐक. तू फोन केला होतास. गुरुवार, पंधरा फेब्रुवारी, दुपारी पावणेदोन. मी डबा खात होतो. तू म्हणालास, नवा स्क्रीन पन्नास डिग्रीपर्यंतच टिकतो, तिकडे बंद गाडीत किती होतं ते मोजून कळव. मी एसीत बसून म्हणालो, उन्हाळ्यात पेपरात पंचेचाळीस येतं, लाव, चालेल. फॅक्सवर दोन ओळी पाठव, असं तू दोनदा म्हणालास. आपल्यात कागद कशाला, असं म्हणून मी हसलो. तू सगळं विचारलं होतंस. तुझ्या डोक्यात काही गडबड नाही.

तुझाच म्हणवून घ्यायला तोंड नाही, पण दुसऱ्या कुणाचा म्हणू,
मुरली