आचार्य अग्निनेत्र कसे असावेत

१ मार्च १९८२
आजचा दिवस महत्त्वाचा. सावळीराम शेठनी छापखान्यात बोलावले. मुलांसाठी चित्रांचे मासिक काढणार आहेत. नायक विद्युत्कुमार, बोटांतून वीज सोडतो. नायकाची चित्रे कॉलेजातला एक मुलगा काढतो आहे. मला नायकाचा गुरू दिला, आचार्य अग्निनेत्र. चार चौकटी. शेठ म्हणाले, एक म्हातारा काढ, दाढी लाव, आशीर्वादाचा हात वर कर, संपलं.
मी हो म्हणालो. पण असे उरकायचे नाही. नायक कोणीही काढील. गुरूशिवाय नायक म्हणजे तारेवाचून बल्ब.
नववीत नापास झाल्यापासून सात वर्षे मी झुंबर पेंटर यांच्या हाताखाली पाट्या रंगवतो. गुरू म्हणजे काय, हे मला सांगायला नको. चेहरा त्यांचाच, माझ्या उस्तादांचाच घेणार. हीच गुरुदक्षिणा.

३ मार्च
उस्तादांना सांगितले. म्हणाले, बरं हाय. मग म्हणाले, जयंतीच्या कमानीचं काम आपल्याला मिळालं. बाबासाहेबांचे आठ फुटी चित्र. तेरा एप्रिलला संध्याकाळी कमानीवर चढले पाहिजे.
उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. फळ्यावरची जाड रेघ दिसते, हातातला फोटो दिसत नाही. म्हणून फोटोवर चौकटी आखून आकडे घालायचे, मी एकेक चौकट बघून सांगायची आणि त्यांनी फळ्यावरच्या मोठ्या चौकटीत ती काढायची. दोन माणसांचे काम आहे. त्यांनी विचारले, कवा येतो? सोमवारपासून येतो म्हणालो. आधी तुमचा चेहरा कागदावर घेतो.

५ मार्च
उस्तादांना स्टुलावर बसवून चित्र घेतले. डोळ्यांत तेज आणा म्हणालो. त्यांनी डोळे वटारले. त्यांची बायको सरुमावशी भाकरी थापता थापता म्हणाली, अंघोळीचं पाणी गार निघालं की ह्ये असंच बघत्यात. उस्ताद हसले. चित्र बिघडले.
नियम पहिला : गुरू हसत नाही.

९ मार्च
काल जाणे झाले नाही. आचार्यांच्या पायांत खडावा की वहाणा, यात दिवस गेला. खडावा घातल्या तर डोंगर चढताना घसरतील. अशा गोष्टी वाचकांच्या लक्षात येतात.
उद्या नक्की.

१५ मार्च
चार चौकटींत आचार्य मावत नाहीत. बारा पाने तरी लागतील. शेठना वेळ आल्यावर सांगेन. आज एक प्रसंग सुचला. आचार्य संकटात आहेत. नुसते मनात शिष्याचे नाव घेतात. शिष्य जेवत असतो, तो ताट सोडून उठतो. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आले.
सरुमावशी दारात येऊन गेली. म्हणाली, गोट्या, फळ्याला पांढरा हात मारून वाळला बी. तुझीच वाट बघतोय. हा प्रसंग पुरा करून येतो म्हणालो.

२४ मार्च
उस्ताद स्वतः आले. काठी टेकत, रविवार कारंज्यावरून चालत. मी आचार्यांचा झगा रंगवत होतो. कागद अगदी डोळ्यांशी धरून म्हणाले, मला दाढी कवा आली? सांगितले, ही तपश्चर्येची दाढी आहे. म्हणाले, दाढी राहू दे, तू कवा येतो ते सांग. सकाळी, असे सांगितले. जाताना उंबऱ्याला अडखळले. मी उठणार होतो, पण ब्रश ओला होता.
नियम सातवा : गुरू शिष्याच्या दारी कधी जात नाही. (आजच्या प्रसंगावरून सुचला. उपयोगी आहे.)

२५ मार्च
सकाळी डोके दुखत होते.

१ एप्रिल
नियम एकवीस झाले. सुवाच्य अक्षरात लिहून काढले, एकही खाडाखोड नाही. उस्तादांना ऐकवले तर केवढा आनंद होईल! पण आता गेलो तर फळ्याला जुंपतील. आचार्य पुरे झाले की एकदमच जाईन आणि चार दिवसांत फळा उडवीन. आमचे हात जमलेले आहेत. माझ्याशिवाय त्यांचे पान हलत नाही, ही एक काळजीच आहे.

६ एप्रिल
झोप लागत नाही. फळ्याचे काय झाले असेल? कोणाला विचारायचे धाडस होत नाही. मावशी पुन्हा आलेली नाही. म्हणजे निभत असेल. किंवा रागावली असेल. उद्या जाणार म्हणजे जाणारच. आचार्यांच्या भुवया तेवढ्या राहिल्या आहेत.

९ एप्रिल
बारा पाने घेऊन छापखान्यात गेलो. शेठनी उभ्याउभ्याच चाळली. म्हणाले, अरे, नायक कुठंय? म्हणालो, नायक शेवटच्या पानावर येतो, नमस्काराला. शेठ कंपोझिटर काळूला म्हणाले, काळू, हे बघ, पोरं चार आणे देऊन ह्याचं कीर्तन ऐकणार! काळूने विचारले, मग त्या चार चौकटींचं काय करू? शेठ म्हणाले, गुरू काढूनच टाक. पोरावर वीज पडली आणि तो झाला विद्युत्कुमार, हाय काय अन् नाय काय. तिथं बिस्किटांची जाहिरात टाक.
पाने परत दिली. वर म्हणाले, अक्षर चांगलंय तुझं.

१० एप्रिल
दिवसभर पडून. शेठना गुरू कळत नाही. जाऊ दे. माझी खरी जागा उस्तादांपाशी आहे. तीन दिवस आहेत. रात्रंदिवस बसलो तर चेहरा होईल, कोट मागाहून. ते रागावतील, शिव्या देतील. देऊ देत. शिव्या खाल्ल्या की मला बरे वाटते.

११ एप्रिल
सकाळी गेलो. अंगणात फळा उभा. चेहरा झालेला. कोटाचे काम चालू. सरुमावशी पाटावर बसली होती, फोटो हातात. तिला आकडे येत नाहीत, चौकटीला ती घर म्हणते. ती सांगत होती, आता शेजारच्या घरात या. वरनं रेघ आली, बटनाला वळसा घातला, अन् खाली दाराबाहेर गेली. उस्ताद हसत होते आणि काढत होते. रेघ बरोबर पडत होती.
मी ब्रश उचलला. उस्ताद म्हणाले, राहू दे, कपडे चांगले हायेत तुझे. शिवी नाही, काही नाही. मावशी उठली, कपबशीत चहा घेऊन आली. सात वर्षांत मला त्या घरात कपबशी मिळाली नव्हती, रंगाने माखलेला ग्लास मिळायचा.
म्हणालो, मावशी, मी सांगतो चौकटी, तू दमली असशील. ती म्हणाली, नको बाबा, माझी घरं मलाच ठाव.
उस्तादांनी पाठमोऱ्यानेच विचारले, तुझा तो गुरू कसा झाला?
मी म्हणालो, चांगला झाला. छापायला गेलाय.
ते म्हणाले, ब्येस.
मी वाकून फोटोत बघू लागलो. मावशी त्यांना म्हणाली, अहो, पाहुण्याला जरा बाजूला व्हायला सांगा, फोटोवर सावली पडतीय.
मी बाजूला झालो.