पडद्यामागचा बेस

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला क्षणभर थांबावं लागतं, पण राग आठवायला थांबावं लागत नाही. बाप गेला की सगळं माफ होतं म्हणतात. मी खूपदा प्रयत्न करून पाहिला. दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला कुणीतरी तुमचं पोरींच्या शिक्षणावरचं गाणं म्हणतं, मग मंडळाचे लोक मला हाताला धरून पुढे बसवतात आणि माइकवरून सांगतात की त्या काळात असा विचार करणारा माणूस आपल्या भागात झाला, आणि ही त्यांची लेक. मी हात जोडते. घरी येऊन भांडी इतक्या जोरात घासते की नवरा विचारतो, "काय झालं?" काय सांगू त्याला?

ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं होती. आपण पांढुर्ण्यात बिजली ऑफिसमागच्या चाळीत राहायचो. तुम्ही लाइनमन. दिवसभर खांबावर, संध्याकाळी हार्मोनियमवर. तुमची गायन पार्टी पंचक्रोशीत माहीत होती. तुम्ही गाणारे, ढोलकीवाले काका, एक बँजोवाला आणि कोरस धरणारे दोघं-तिघं. तिगाव, रामाकोना, लोधीखेडा, जिथे विहार तिथे तुमचं बोलावणं. मग एका मुकाबल्यात, म्हणजे दोन पार्ट्या समोरासमोर बसून एकमेकींच्या गाण्याला गाण्यानं उत्तर देतात तसल्या कार्यक्रमात, समोरच्यांनी नागपूरहून बेस गिटारवाला आणला. तुम्ही घरी आलात ते छातीवर हात ठेवून. "कानात नाही वाजत थे," आईला सांगत होता, "इथं वाजते. इथं." आईला वाटलं छातीत दुखतंय. तिनं ओवा काढला.

पुढच्याच महिन्यात तुम्ही नागपूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राची जुनी बेस गिटार चादरीत गुंडाळून पॅसेंजरनं घेऊन आलात. चार जाड तारा, काळं अंग, एका कोपऱ्याचा रंग उडालेला. आणली होती ती आत्याच्या मुलासाठी. तो आपल्याकडे राहून कॉलेज करत होता. माझ्याच वयाचा, दिसायला छान, केस मानेवर रुळणारे. स्टेजवर शोभेल, असं तुम्ही म्हणालात. त्या रविवारी तो मित्रांबरोबर कुठेतरी गेला होता आणि तुम्ही ओट्यावर स्पीकरची पेटी जोडत होता. जुन्या पलंगाच्या सागवानी फळ्या, आत आवाज घुमू नये म्हणून गादीचा कापूस, लाऊडस्पीकरवाल्याचं आवाज मोठा करायचं एक जुनं मशीन. कुणीतरी तार वाजवत राहायला हवी होती, म्हणजे तुम्हाला कुठली फळी थरथरते ते कळलं असतं. तुम्ही मला हाक मारली. "हे जाड तार वाजव वं. थांबू नको." मी वाजवत बसले. तुम्ही खिळे ठोकता ठोकता गुणगुणायला लागलात, आणि माझं बोट तुमच्या गुणगुणण्याबरोबर जायला लागलं. तुम्ही हातोडी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही, फक्त गाणं मोठ्यानं सुरू केलं. दिवे लागेपर्यंत आपण तसेच बसलो होतो. आई दोनदा जेवायला बोलावून गेली.

आत्याच्या मुलाला तुम्ही महिनाभर शिकवलं. त्याची बोटं चालायची, पण कुठे थांबायचं ते त्याला कळायचं नाही. शेवटी तुम्हीच म्हणालात, "ह्याचा हात चालते, कान नाही चालत." आणि गिटार माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात आपला रियाज सुरू झाला, कारण पुढची खोली रस्त्यावर उघडायची. मशीन लावलं तर चाळभर आवाज जाईल म्हणून मी गिटारीचं टोक ज्वारीच्या कोठीला टेकवायची. पत्र्याची कोठी मग हळूच घुमायची. तुम्ही पाटावर बसून गाताय, आई भाकरी थापतेय, मी कोठीला चिकटून वाजवतेय. एकदा मला जोर चढला आणि मी तुमच्या पुढे निघून गेले. तुम्ही गाणं तोडलं. "कुठं पळून राहिली? गाणाऱ्याले टेकायला जागा पाहिजे. तूच पळाली त तो पडन ना." मी रडवेली झाले. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचा खांबावर चढायचा जुना चामडी पट्टा मधोमध कापून, भोकं पाडून, गिटारीला बांधून आणलात. "खांद्यावर टाक, बसून किती वाजवशीन," म्हणालात. उभं राहून वाजवायचा पट्टा तुम्ही मला दिला होता, बाबा. मी त्याचा साधा अर्थ घेतला, की स्टेजवर उभं राहायचं आहे.

पहिला कार्यक्रम पांढुर्ण्यातच होता, जयंतीचा, विहारासमोर. आईची पांढरी साडी नेसून मी तयार. स्टेजवर पोचले तर ढोलकीच्या मागे तुम्ही दोरी बांधून निळी चादर सोडली होती, आणि चादरीमागे एक स्टूल. आणि पुढे, माइकपाशी, आत्याचा मुलगा चमकी शर्ट घालून उभा होता. त्याच्या गळ्यात एक लाल गिटार होती. ती मी ओळखली. पोट फुटलेली ती गिटार तुम्ही भंगारवाल्याकडून आणली होती, प्लायवूड लावून तिला दोन रविवार लाल रंग देत बसला होता, आणि मी विचारलं तेव्हा शोभेची आहे म्हणालात. तिला वायरच नव्हती.

"बाबा, हे काय?"

"तू मागं बैस. तुहा आवाज त पुढंच येते ना?"

"आन् मी?"

"लोकं गाणं आयकतीन का तुले पाहातीन? आपली पार्टी नाचगाण्याची नोहे. हट्ट नको करू, टाइम झाला."

मी बसले. चादरीतून मला तुमच्या पाठीची सावली दिसत होती. तुम्ही पहिलं गाणं उचललं ते नेमकं तेच, पोरींना शाळेत धाडा, त्यांना घरात कोंडू नका. मी वाजवलं. काय करणार होते? बेस बरोबर लागला की अंगात काहीतरी बसतं, आणि ते मला सोडवत नव्हतं.

चार वर्षं मी तशी वाजवली. प्रत्येक गावात ती चादर, ते स्टूल, जनरेटरचा धूर आणि डास. कार्यक्रम संपला की पोरं आत्याच्या मुलाभोवती जमायची, त्याची बोटं हातात घेऊन बघायची. बिचारा ओशाळायचा. एकदा तिगावला तो मला म्हणाला, "मले शरम येते. मामाले तूच सांग ना." त्याच्यावर मला कधी रागावता आलं नाही. कित्येकदा मी जाड तारेवर असायची आणि तो बारीक तारेवर बोटं नाचवायचा, आणि कुणाच्याही लक्षात यायचं नाही. मी तुम्हाला सांगितलं, नाही असं नाही. दर जयंतीच्या आधी स्वयंपाकघरात विषय काढायची. तुमचं उत्तर ठरलेलं होतं, "पुढच्या वर्षी पाहू." आई एकदाच बोलली. भाकरीवरून नजर न उचलता म्हणाली, "तुमचं गाणं एक आन् घर दुसरंच आहे." तुम्ही ताटावरून उठलात.

मग सौंसरचा मुकाबला. मोठं मैदान, दोन स्टेज, बायकांसाठी वेगळी बसायची जागा. त्या दिवशी मी चांगली वाजवत होते. मला ठाऊक होतं की मी चांगली वाजवते आहे. ढोलकीवाले काका मधेच चादर बाजूला करून माझ्याकडे बघून मान हलवत होते. मध्यंतर झालं. पाहुणे म्हणून आलेले एक साहेब माइकवर आले आणि म्हणाले, आज ह्या बेसनं आमची छाती हलवली, हा वाजवणारा तरुण कोण आहे, त्यानं पुढं यावं, त्याला शाल घालायची आहे. टाळ्या पडल्या. आत्याचा मुलगा जागचा हलेना. तो वळून चादरीकडे बघत राहिला. आणि मी उठले, बाबा. ठरवलं नव्हतं. खांद्यावर गिटार तशीच, मी चादरीच्या कडेनं पुढे आले. वायर तेवढी लांब नव्हती. ती ताणली, निसटली आणि स्पीकरमधून भडाका झाला. सगळं मैदान दचकून बघायला लागलं. मी उजेडात उभी होते, गळ्यात बेस, चार वर्षांत पहिल्यांदा.

तुम्ही माझ्याकडे बघितलं. तुमचा चेहरा मी अजून उलटसुलट करून बघते. राग होता की भीती, ठरवता येत नाही. मग तुम्ही माइक स्वतःकडे ओढलात आणि हसून म्हणालात, "पोराच्या गिटारीची तार तुटली, म्हून आमची पोरगी दुसरी घेऊन आली." आणि माइकवर हात ठेवून, फक्त मला ऐकू येईल असं, "दे त्याले."

मी दिली. त्यानं लाल गिटार उतरवली, मी पट्टा डोक्यावरून काढला आणि त्याच्या गळ्यात घातला. त्याचे डोळे भरले होते. त्याला शाल मिळाली.

चादरीमागे मी परत गेले नाही. स्टेजच्या पायऱ्या उतरून बायकांत जाऊन बसले. तुम्ही दोनदा मागे वळून पाहिलंत आणि मग बेसशिवाय गायलात. मला वाटलं होतं गाणं पडेल. नाही पडलं. चांगलं झालं, लोक डोलले, आणि तेही मला तुमच्याविरुद्धच वाटलं. तुम्ही तेच गाणं घेतलं होतं, पोरींचं. माझ्या शेजारी एक शेतमजूर बाई बसली होती. पदरानं डोळे पुसत तिनं विचारलं, "तुहा बाप होय ना थो?"

"हो."

"नशीबवान आहेस वं पोरी. आमच्या बापानं त कधी नावानं हाक नाही मारली."

तिचं रडणं खरं होतं. तुमचं गाणंही, मला वाटतं, खरंच होतं.

मेटाडोरमध्ये परत येताना मी मागे जनरेटरपाशी बसले. त्यानंतर मी गिटारीला हात लावला नाही. तुम्हीही लाव म्हणाला नाहीत, हे मला जास्त लागलं. एकदा तरी म्हणायला हवं होतं. मी नाही म्हटलं असतं, पण तुम्ही म्हणायला हवं होतं. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न सौंसरलाच झालं, मास्तरीण झाले, मुली झाल्या. तुम्ही रिटायर झाल्यावर दर महिन्या-दोन महिन्यांनी बसनं यायचात आणि माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायचात. मुलींना पुस्तकं आणायचात. "पोरीयले शिकव," म्हणायचात, आणि माझ्या हातातली पोळी करपायची. शेवटी एकदा मी विचारलंच. "बाबा, त्या दिवशी तुमी असं काऊन केलं?"

कुठला दिवस, असं तुम्ही विचारलं नाहीत. चष्मा काढून पुसलात. मग म्हणालात, "त्या टायमाले बाकीच्यायच्या पोरी काय करून राहिल्या होत्या, सांग मले. तुह्या हातात म्या गिटार देली. पडद्यामागं का होईना, देली ना? कोणाच्या बापानं देली होती?"

"मंग पुढं काऊन नाही बसवलं?"

"लोकायच्या तोंडाले म्या कुलूप लावू शकत नव्हतो. तुह्यासाठीच होता तो पडदा." आणि लगेच, "चा ठेव."

मी चहा ठेवला. त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही, कारण तुम्ही म्हणालात त्यात खोटं काही नव्हतं. खरंच कुठल्याच बापानं दिली नव्हती. तुम्ही त्याच वर्षी थंडीत गेलात, आणि उत्तर मला त्यानंतर कितीतरी दिवसांनी, शाळेत पोरांचे पेपर तपासताना सुचलं. लोकांना तुम्ही इतकं भीत होता, तर ते गाणं तुम्ही कुणाला म्हणून दाखवत होता? लोकांनाच ना? मग एक दिवस, एका गाण्यापुरतं, त्यांच्यापुढे मला उभं करून बघायचं होतं. शिव्या पडल्या असत्या तर दोघांनी मिळून खाल्ल्या असत्या. हे तुम्हाला सांगायला तुम्ही राहिला नाहीत. तुमच्या फोटोला सांगते, पण फोटोशी भांडून काही उपयोग होत नाही, तो सगळं ऐकून घेतो. तुम्ही कधी ऐकून घ्यायचात?

आज हे लिहायला बसले त्याचं कारण मागच्या आठवड्यातलं आहे. आमच्या मंडळानं बाहेरून एक बँड बोलावला होता, सगळ्या पोरीच. बेसवाली अगदी पुढे, मधोमध, जीन्स घातलेली, केस कापलेले. विशीची असेल. तिचे आईबाप पहिल्या रांगेत माझ्याशेजारीच होते, आणि बाप फोनवर तिचं शूटिंग करत होता. फार छान वाजवलं तिनं. शेवटी सारा मंडप उभा राहिला. माझ्या दोन्ही मुलीही उठल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बसूनच राहिले.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. मुलींना तर नाहीच. त्यांना वाटतं त्या दिवशी माझे गुडघे दुखत होते. गुडघे बरे होते, बाबा. माझ्याच्यानं त्या पोरीसाठी टाळी वाजवली गेली नाही.