लाल रेघेवर नजर ठेवा

आबा, प्रत्येक ओळीच्या वर लाल रेघ मारलीय. डॉक्टरीणबाईंनी शिकवलंय तशी नजर रेघेवर ठेवा, म्हणजे खालची अक्षरं दिसतील.

काल राजुरीचं पावणं मला बघायला आलं, तेव्हा "तिरकं बघू नका, लोकांना राग येतो," असं मीच तुमाला दटावलं. मग तुमी मुलाच्या तोंडाकडं सरळ बघत बसलात. सरळ बघितलं की तुमाला मधे नुसता काळा डाग दिसतो, हे ठाऊक असून मी गप्प राहिले. तरी तुमी "पोरगं चांगलं हाय" म्हणालात.

तवापासून जीव थाऱ्यावर न्हाई. त्याला फोन करून परत बोलावलंय, स्टँडवर आणायला चाललीय. स्टोव्हला हात लावू नका, चहा मी येऊन करते.

आज त्याच्या कानाकडं बघा. तो तुमाला दिसल्याशिवाय मी हो म्हणणार न्हाई.

उज्ज्वला