हललेला फोटो

बारान्किया, गुरुवार

एवारिस्तो,

"हललास तर तोंड फोडीन," असं तू उलिसेसला म्हणाला होतास, त्याच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी, चर्चच्या दारात. फोटो काढताना पोराला जांभई आली. तू त्याचं डोकं दारावर आपटलंस. समोरचा दात तुटला, पांढरा सदरा रक्ताने भिजला. मग त्याला चुलतभावाचा सदरा चढवून, ओठ मिटायला लावून, बहिणीशेजारी, मिरेयाशेजारी, उभं करून तू फोटो पुरा केलास. तो बघून लोक अजून म्हणतात, किती गुणी पोरं.

तू गेल्यावरही मी फोटो काढायला फोन उचलला की दोघं ताठ व्हायची. हात मांड्यांवर, श्वास रोखलेला.

काल जेवताना उचलला, तर कुणी थांबलंच नाही.

"आई, याचा काढ, माकड दिसतोय," मिरेया म्हणाली.

"आधी नाकावरचा भात पूस, म्हशे," म्हणत त्याने तिला तळलेलं केळं फेकून मारलं.

फोटो हललाय. तिचे डोळे मिटलेले, त्याच्या तोंडात घास आणि दातांतली फट. तो मी मोठा करून भिंतीवर लावलाय.

परवा मिरेया पंधरा वर्षांची होईल. पंधराव्या वाढदिवसाच्या रिवाजाप्रमाणे पहिला नाच बापासोबतच होणार, फोटोवाला घेऊन येतो, असा तुझा निरोप मिळाला. ती भावासोबत नाचणार आहे. दोघांनाही नाच येत नाही. एकमेकांचे पाय तुडवतील आणि हसतील.

तू ऐकणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तरी एवढंच मागते, येऊ नकोस.

नेरेइडा