झोळीतून ब्राझीलचं संगीत

२० जून, संध्याकाळ. बेलेम बंदर
बोट सुटली. नदीने चार दिवसांत पारिन्टिन्स. संकल्प: तेवढ्यात ‘ब्राझीलच्या लोकप्रिय संगीताचा परिचय’ या पुस्तकाची सगळी प्रकरणं हातावेगळी करायची. प्रकाशकाचं उत्तर अजून नाही. पूर्ण हस्तलिखिताची वाट बघत असणार.

मग पारिन्टिन्सला उतरून लुसिमारला घरी घेऊन यायचं. बायको माहेरी गेली ती बहिणीच्या बाळंतपणाला. बाळ आता चालतं म्हणे. तिलाही एव्हाना कंटाळा आला असेल.

झोळी टांगायला (या बोटींवर झोळीतच झोपायचं) झकास जागा मिळाली. वरचा मजला, बारच्या शेजारी, भरपूर वारा. बाकीचे लोक खाली इंजिनाजवळ एकमेकांच्या अंगावर. लोकांना जागेची पारखच नसते.

२० जून, तासाभराने
झोळीच्या बरोब्बर वर लाउडस्पीकर आहे.

२१ जून, सकाळ
कानात कापूस. प्रकरण पहिलं, शोरो. दोन वाक्यं झाली: ‘बासरी पुढे पळते, कावाकिन्यो ही चार तारांची चिमुकली गिटार तिला धरायला धावते, आणि सात तारांची मोठी गिटार दोघींना खालून दटावते. शोरो ऐकणाऱ्याने मान हलवावी, ढुंगण नव्हे.’ छान जमलंय.

पुढे जमलं नाही. वरून ब्रेगा. म्हणजे प्रेमभंग झालेल्या माणसाने कीबोर्ड बडवायचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचं. बारवाल्याला आवाज कमी करायची विनंती केली. तो म्हणाला, कमी केला तर लोक घाबरतात, बोट बिघडली असं वाटतं त्यांना.

जागा बदलावी म्हटलं तर हलता येत नाही. डावीकडे कसावा कंदाच्या पिठाची पोती, खाली कुणाची तरी झोळी, उजवीकडे दोना इराइदेस नावाच्या बाई. पारिन्टिन्सच्याच आहेत, उत्सवाला निघाल्यात, अंगात लाल, पायात लाल, पिशवीही लाल. मला उतरायचं तर आधी त्यांना उठवावं लागतं. त्यांनी विचारलं, कुठे? म्हटलं, बायकोला आणायला. बोलावलंय का तिनं? म्हटलं, बोलवायचं काय त्यात. त्यावर त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या आत्मविश्वासाचं कौतुक वाटलं असणार.

२२ जून, दुपार
नवा संकल्प: अज्ञानाशी भांडायचं नाही, त्याला शिकवायचं.

जेवणाच्या वेळी जनरेटर बंद पडला. संधी साधली. झोळीत उठून बसलो (पोत्याला धरून) आणि व्याख्यान दिलं. सांबा रस्त्यावर हजारांनी मिळून गायचा, बोसा नोव्हा बंद खोलीत, शेजारी उठणार नाही इतक्या हलक्या आवाजात. मी मूळचा रिओचा, त्यामुळे दोन्ही नमुने स्वतः गाऊन दाखवले.

परिणाम अपेक्षेबाहेर. सबंध मजला चिडीचूप. दोना इराइदेस तोंड घट्ट मिटून नदीकडे बघत बसल्या ते शेवटपर्यंत. टाळीसुद्धा कुणी वाजवली नाही, इतके भारावले होते.

लुसिमार अगदी अशीच ऐकते. रोज जेवणानंतर मी तिला एक प्रकरण वाचून दाखवायचो, ती एक अक्षर बोलायची नाही. लग्न झालं तेव्हा चुलीपाशी मोठमोठ्यानं गायची. हळूहळू तिचा कान तयार झाला.

तिच्याशिवाय घरात वाचून दाखवायला कुणी नाही. फार वाईट जातात संध्याकाळी. असो.

२३ जून, संत योहानाची पूर्वसंध्या. सांतारेम
प्रकरण फोरोचं. अकॉर्डियन, मोठा ढोल, लोखंडी त्रिकोण. अर्धं पान झालं होतं, त्यावर कुणाच्या तरी माशाचा रस्सा सांडला.

बारसमोर हेच वाजायला लागलं आणि सगळी बोट जोडीजोडीने नाचायला लागली. दोना इराइदेसनी मला हात दिला. मी सांगितलं की फोरो हा माझा अभ्यासाचा विषय आहे. शिवाय पाय झोळीच्या दोऱ्यांत अडकला होता. मग बोटीच्या आचाऱ्याबरोबर नाचल्या. नंतर आमच्या पारा राज्याचं कारिम्बो, ढोलावर गिरक्या घेत नाचायचं, तेही झालं, घागरे थेट माझ्या नाकावरून गेले. अंग चोरून पडून राहिलो. पाय संध्याकाळी सुटला, आचाऱ्याने सोडवला.

लुसिमारला ब्रेगा आवडतं. मोठ्या मनाने ठरवलं: पुस्तकात ब्रेगाला चार ओळी द्यायच्या. आनंदाने रडेल ती.

२४ जून, सकाळ
ओबिदुसला निळ्या कपड्यांचा घोळका चढला. पारिन्टिन्सच्या उत्सवात दोन सोंगाचे बैल, लाल आणि निळा, आणि त्यांच्या संघांची नाचगाण्याची स्पर्धा. अर्धं गाव एकाचं, अर्धं दुसऱ्याचं. हे निळ्याचे. ढोल काढून आपल्या बैलाच्या तोआदा, म्हणजे कौतुकाची गाणी, गायला लागले.

झोपेतही बोलणाऱ्या दोना इराइदेस एकदम गप्प. तोंड घट्ट, नजर नदीवर. विचारलं, दाढ दुखतेय का? निळे दमून थांबले तेव्हा म्हणाल्या, “अहो प्रोफेसर, समोरच्यांचं चालू असताना आम्ही हूं की चूं करत नाही. आवाज केला की मैदानात आमचेच गुण कापतात. दगड होऊन बसायचं, त्यांचं उरकलं की मग आपण.”

हा नियम मला अर्थातच ठाऊक होता. तोआदाच्या प्रकरणासाठी टिपून ठेवला. वर म्हणाल्या, परवा तुमच्या भाषणात यंदाचा सराव चांगला झाला. उपयोग झाला हे ऐकून बरं वाटलं.

२४ जून, दुपार. पारिन्टिन्स बंदर
लुसिमार आली! बोटीची वेळ कळवली होती. लाल ब्लाउज, कडेवर बहिणीचं मूल. तब्येत सुधारलीय. तिला बाकावर बसवलं आणि ठरवल्याप्रमाणे सगळं सांगितलं. घर किती शांत आहे ते. ब्रेगाच्या चार ओळी. परतीची दोघांची तिकिटं. मग प्रस्तावना वाचून दाखवली, पूर्ण.

मध्ये एक शब्द बोलली नाही. नदीकडे बघत होती. तिथेच मी जिंकलो. आता मूल बहिणीकडे द्यायला गेलीय.

२४ जून, चार वाजता
आली. सामान आणलं नव्हतं. उभ्यानेच विचारलं, “झालं तुझं?” म्हटलं, झालं, चल.

म्हणाली, “मी नाही येत, अल्सिडेस. इतकी वर्षं तुझं उरकायची वाट बघत गप्प बसायचे मी. ऐकत नव्हते.”

रागावली नव्हती. माझी कॉलर सरळ केली आणि गेली.

२४ जून, संध्याकाळ
परतीची बोट परवा. उत्सवामुळे गावात टीचभर खोली शिल्लक नाही. बाकावरच आहे.

समोर बंदरावर लाल लोकांची तालीम. लुसिमार पहिल्या रांगेत, तिचा आवाज ढोलाच्याही वर जातोय. एवढा मोठा आवाज आहे तिचा. या गाण्यावर लिहायला काही सुचत नाही. दोना इराइदेसनी लांबून हात केला, मीही केला.

गप्प बसलो आहे. त्यांचं चालू आहे.