जांभळ्या धानाचं चौथं साल

बाबा, तळ्याखालच्या आपल्या धानाच्या बांधीत यंदाही आवत्याच टाकला आहे. रोवणीला माणसं मिळाली नाहीत आणि धाकट्या भावाच्या अंगात उभं राहायची ताकद नाही, म्हणून भावजयीनं एकटीनंच धानाचं बी शिंपून मोकळं केलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहिते आहे ते तुम्हाला बरं वाटेल असं काही सांगायला नाही. तुमच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर आहे. तीन वर्षं झाली. आता डॉक्टर म्हणतात की करण्यासारखं काही उरलेलं नाही.

आवत्याच्या धानात दाणे गाळणारं जंगली धान उगवतं आणि लोंबी येईपर्यंत दोन्हींत फरक कळत नाही, यावरून मी तुमच्याकडून पहिली बोलणी खाल्ली होती. आठवीत असेन. दिवसभर वाकून निंदण केलं आणि मोठ्या ऐटीत भारा बांधीच्या कडेला धुऱ्यावर आणून टाकला. तुम्ही तो उलटापालटा करून पाहिला. ‘अर्धं तं धानच उपटलं तू, बाई. डोळे कोठं ठेवले होते?’ पुढच्या साली तुम्ही कुठून तरी जांभळ्या पानांच्या धानाचं बियाणं आणलंत. सगळी बांधी वांग्याच्या रंगाची झाली. जे हिरवं दिसेल ते उपटायचं, संपलं. ‘आता आंधळाही निंदण करन,’ म्हणत तुम्ही गावभर फिरलात, आणि मला एक जांभळी लोंबी कागदात गुंडाळून दिलीत, विज्ञानाच्या वहीत ठेवायला. ती वही माझ्याकडे अजून आहे.

दोन सालं धान सोन्यासारखं झालं. तिसऱ्या साली उतारा थोडा घटला. बियाणं तुम्ही दर वर्षी त्याच बांधीतलं राखत होतात, सगळेच राखतात. चौथ्या साली बांधीभर जांभळंच जांभळं होतं, उपटायला एक हिरवं रोप नाही, आणि लोंब्या आल्या तेव्हा निम्मं जंगली निघालं. दोन्हींचा संकर झाला होता. तुम्ही धुऱ्यावर बसून आहात, मी भाकरीचं फडकं सोडते आहे, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, ‘बाहेरून नाही आलं. आपल्याच बियातून झालं.’ त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

मागच्या साली मुंबईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नवा उपचार सांगितला. धाकट्याला त्यातलं ओ की ठो कळलं नसावं असं मी धरून चालले. मी कॉलेजात बारावीला जीवशास्त्र शिकवते, तेव्हा समजावण्याचा मक्ता माझाच. दवाखान्याच्या बाकावर बसून मी त्याला सांगितलं: कॅन्सरची पेशी आपलीच असते, म्हणून अंगाला ती ओळखू येत नाही. तुझ्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी बाहेर काढतील, त्यांच्यात एक नवा जीन घालतील, म्हणजे कॅन्सरच्या पेशीवरची एक खूण त्यांना दिसायला लागेल. मग त्या वाढवून परत तुझ्या अंगात सोडतील. खूण दिसली की मारायचं. बाबांच्या जांभळ्या धानासारखं.

तो हसला. म्हणाला, ‘मंग बाबानं ते धान सोडलं काहून?’

मी म्हटलं, ‘तांदूळ लाल निघायचा. कोणी खाईना.’

त्यानं मान हलवली आणि कागदावर सही केली.

उपचार लागू पडला, बाबा. आधी आठवडाभर तापानं तो बरळत होता, पण नंतरच्या तपासणीत कॅन्सरची एक पेशी सापडेना. घरी आला. रब्बीत हरभरा पेरला. दहा महिने मी माणसासारखी झोपले. मग ताप परत आला. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की आजार उलटला आहे, आणि आताच्या पेशींवर ती खूणच नाही. खूण असलेल्या सगळ्या मेल्या, नसलेल्या काही थोड्या उरल्या असतील, त्याच वाढल्या. लढणाऱ्या पेशी अजून त्याच्या रक्तात फिरताहेत, पण त्यांना कोणी दिसत नाही. दुसरी खूण शोधून पुन्हा तेच करायचं तर त्याच्या अंगाला ते झेपणार नाही. हे सगळं मी पोरांना फळ्यावर शिकवते. मला स्वतःच्या शहाणपणाचा इतका राग कधी आला नव्हता.

काल रिपोर्ट पिशवीत घालून गावी गेले. काय बोलायचं ते बसमध्ये घोकलं होतं. तो छपरीत खाटेवर पडून होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, ‘ताई, बांधीत जा अन् चार-पाच जंगली रोपं उपटून आण.’ गेले. वाकून वाकून पाहिलं. कळेना. शेवटी अंदाजानं पाच उपटली.

त्यानं ती मांडीवर घेऊन एकेक पाहिली. ‘तीन तं धानच आणलं तू.’ मग उरलेल्या दोन रोपांच्या बुडाशी नख लावून दाखवलं. वरून हिरवंच, पण बुडाशी जांभळी झाक होती. ‘हे बाबाच्या जांभळ्या धानाचं. अजूनही दर साली निघते. बाबा गेल्यापासून मी उपटूनच रायलो.’

मी ती दोन रोपं हातात घेतली. मग विचारलं, ‘म्हणजे मुंबईले तुले चौथं साल मालूम होतं?’

‘बांधी मी करतो, ताई. तू नाही करत.’

‘मंग सही काहून केली?’

‘दोन सालं तं धान झालं होतं नं,’ तो म्हणाला. ‘अन् तू एवढी मन लावून सांगून रायली होती. तुले कायले अडवू?’

त्यानं रिपोर्टचं विचारलं नाही. मी काढून दाखवला नाही. भावजयीनं चहा आणला, आम्ही तो प्यालो आणि संध्याकाळच्या बसनं मी भंडाऱ्याला परत आले.

रिपोर्ट त्या जुन्या वहीत लोंबीपाशी ठेवला आहे, हे पानही तिथंच ठेवीन. तांदूळ लाल निघायचा हे खोटं मी त्याला धीर यावा म्हणून बोलले, असं वर्षभर स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं, बाबा. त्याला धीर होता. चौथं साल मलाच नको होतं.