साल्विनाच्या गाण्याला एक्केचाळीस बार

प्रिय जुझा,

थोरल्या भावाचे भरभरून आशीर्वाद. सांत मार्टिनच्या कृपेने इथे सगळे धडधाकट आहेत. तुझी कंबर काय म्हणते? लंडनच्या ओलीत लोकरीचा पट्टा सोडू नकोस. (मी नाताळात पाठवला होता. पोचल्याचं तू अजून कळवलेलं नाहीस, म्हणून हा घोर.)

आपला माल्टा युरोपच्या गाण्याच्या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला आणि गायला गेली कोण, तर माझी नात साल्विना! महिनाभर डोळ्याला डोळा नाही. विमान पडेल, घसा बसेल, पायऱ्यांवर झग्यात पाय अडकेल. तिची आजी असती तर म्हणाली असती, "अहो, पोर गायला चाललीय, लढाईला नाही."

शनिवारी आपल्या बँड क्लबने टीव्ही चौकात मांडला. सगळं गाव लोटलं. ज्यांच्याशी आपण तीन पिढ्या बोललो नाही ते दुसऱ्या बँडवालेसुद्धा घरच्या खुर्च्या घेऊन आले. सणाचे बार मीच भरतो, तेव्हा ठरलं असं: गाणं संपलं की चेन्सूने खालून रुमाल हलवायचा आणि मी गच्चीवर वात पेटवायची. एक्केचाळीस बार, मिरवणुकीत संताला देतो तेवढेच. (पाद्रीबाबांना एकवीस सांगितलेत. तू बोलू नकोस.) आपला चुलतभाऊ चेन्सू लहानपणापासून रडका, हे तुला ठाऊक आहेच. साल्विना पडद्यावर आली मात्र, तिने तोंड उघडायच्या आत त्याला हुंदका फुटला आणि त्याने डोळे पुसायला रुमाल काढला. मी वात लावली.

पेटलेली माळ काय थांबते? खाली लोक हात उंचावून ओरडत होते. मला वाटलं वाहवा चाललीय, म्हणून टोपी काढून मान लववली. धूर विरला तेव्हा पडद्यावर भलत्याच देशाचा दाढीवाला गात होता. दुसऱ्या बँडचा नाझ्यू म्हणाला, "विस्टिन, पोरगी तुमची असेल, पण देश दोघांचा आहे. आम्हालाही ऐकू द्यायचं होतं की!" चेन्सू म्हणतो, "मी रुमाल काढला, हलवला कुठे?" मी म्हटलं, "गाढवा, तू एवढा गदगदत होतास, तो हलेल नाही तर काय!"

गुण फार पडले नाहीत. परीक्षकांना काय कळतं? गाणं मात्र अप्रतिम झालं. सगळं गाव तसंच म्हणतं.

तुझा दादा,
विस्टिन

ता. क. गावात एकानेही त्या गाण्यातला एक शब्द ऐकलेला नाही.

आणखी ता. क. तू तिकडे टीव्हीवर पाहिलंस ना? जाताना पोर म्हणाली होती, "आजोबा, शेवटच्या कडव्यात मी फक्त तुमच्यासाठी एक खूण करीन, बघा हं." गुरुवारी ती घरी येते. तिने काय केलं ते त्याआधी तारेने कळव. मी तिला कालच तार केली आहे, 'खूण पाहिली, रडलो.' त्यातलं रडलो एवढंच खरं आहे.